इंदिरानगरचं घर ठरवलंय

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं तर बाबा फोन आईच्या हातात देतील आणि आई मला जेवलीस का विचारेल, म्हणून लिहितेय. इंदिरानगरला तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतलाय. करार झाला, अनामतही भरली. मृग लागायच्या आत तुम्ही तिथे राहायला जायचं, असं मी आणि दादाने ठरवलंय.

वाडा विकायचा नाही, किल्ली बाबांकडेच राहील. पण मागची भिंत गेल्या पावसात फुगली आणि तुम्ही आम्हाला कळू दिलं नाही. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात एखादा वाडा कोसळतो. काकूंचं घर गेलं तेव्हापासून पाऊस लागला की मला झोप नाही. 2016 ला आणि 2019 ला भांडी बाजारात पाणी शिरलं, तेव्हाही नदीतला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते बघायला बाबा गेलेच! आणि 2027 च्या सिंहस्थात रस्ते बंद झाले, तर रात्री गरज पडल्यावर आपल्या बोळात रुग्णवाहिका कशी पोचायची?

बाबा, तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. तुमचं बोट धरूनच मी हे गाव शिकले. 21 डिसेंबर 1909 ला अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली ते विजयानंद थिएटर तुम्ही दाखवलंत. गोदेपलीकडे काळारामाच्या दाराशी उभं करून 2 मार्च 1930 चा सत्याग्रह सांगितलात, बाबासाहेबांचा आणि दादासाहेब गायकवाडांचा. देव आत आणि माणसं बाहेर, हे मला कळेना, तेव्हा तुम्ही कडेवर घेतलंत. तांबट लेन, बोहरपट्टी, काजीपुरा, कोकणीपुरा, सगळीकडे तुमच्या ओळखी. ईदला चाचांकडून शीरखुर्मा यायचा, दिवाळीला आईचा फराळ त्यांच्याकडे जायचा, आणि डबा कधीच रिकामा परत जायचा नाही. हे सोडा असं मी कशी म्हणेन?

पण बाबा, ही माणसं आता गल्लीत उरलीत किती? तांबटांची मुलं सातपूर-अंबडच्या कंपन्यांत लागली, सिडकोत घरं घेऊन राहिली. शेजारचे गंगापूर रोडला गेले. रंगपंचमीला तिवंध्याची रहाड, तो रंगाचा हौद, उघडली की त्यात धप्पा मारायला मात्र सगळे हजर! तसंच तुम्हीही यायचं. रिक्षा मी लावून दिलीय, दर शनिवारी सावानात, आपल्या सार्वजनिक वाचनालयात, पुस्तकं बदला, मग चाचांच्या दुकानात हवं तेवढं बसा.

आई, ओट्याची उंची तुझ्या मापाची आहे, मी उभी राहून बघितली. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. संडास घरातच, कमोडचा; आता रात्री बाबांचा हात धरून चौक ओलांडायला नको. जॉगिंग ट्रॅक जवळ आहे. तुळशीला जागा आहे, भिंतीलगतच्या वाफ्यात अळूही लावता येईल. तापात तू मला अळूचं फदफदं भरवायचीस, त्याची चव अजून जिभेवर आहे गं.

आता नीट ऐका. तांब्याचा बंब न्यायचा नाही, गिझर आहे. घंगाळ आणि देव्हारा न्या. माळ्यावर बाबांनी चढायचं नाही, दादा उतरवेल. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर, विसरायची नाही. आईने गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय सामान उचलायचं नाही, खरं तर उचलायचंच नाही.

दोन महिने राहून बघा. करमलं नाही तर भिंत बांधून घेऊ, मिस्त्रीशी दादाचं बोलणं झालंय. पण हा पावसाळा वाड्यात नको, माझ्यासाठी एवढं ऐका.

बाबा, कोणत्या वाड्यात कोण राहायचं ते वहीत लिहायला लागा. तुमच्याखेरीज कोणाला सगळं माहीत नाही, आणि मला ते हवंय. वही मी आणते, जाड पानांची.

रविवारी दादा टेम्पो घेऊन येतोय. त्याच्याशी भांडू नका, भांडायचं तर माझ्याशी.

तुमची,
छकुली