चित्रकला वर्गासाठी आवाहन : यंदा शेडिंग आणि क्युबिझम, मदत लागणार आहे

सप्रेम नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मंडळाचा चित्रकला वर्ग घ्यायचं कालच्या मीटिंगमध्ये ठरलंय, वेळ कमी आहे म्हणून घाईत लिहितोय पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आधी ज्यांच्या जिवावर हा वर्ग इथवर आला त्यांच्याबद्दल. आपले ड्रॉइंगचे सर, रिटायर झाल्यावरही दर रविवारी सायकलला बोर्ड बांधून सोलापूरच्या पूर्व भागातून यायचे, मानधनाचा एक रुपया घेतला नाही, आज त्यांच्या हाताखालची किती पोरं कलाशिक्षक आहेत. चादर कारखान्याच्या अण्णांनी वरचा हॉल दिला, लाईटबिलही स्वतःच भरत आले आणि पाटीवर नाव लावू दिलं नाही. नवी पेठेतले स्टेशनरीवाले काका चित्राचा जाड कागद, कार्ट्रिज पेपर, कायम खरेदीच्या भावात देतात. विडी घरकुलातल्या मावशी सकाळी सकाळी पोरांसाठी मुरमुऱ्यांचा सुशीला करून पातेलंच पाठवायच्या. या माणसांमुळंच आपली पोरं एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा चांगल्या ग्रेडनं पास झाली, दहावीला वाढीव मार्क मिळाले.

क्युबिझम, म्हणजे एकच वस्तू वेगवेगळ्या बाजूंनी बघितल्यासारखी एकाच चित्रात काढायची, हे पोरांच्या डोक्यावरून जाईल असं काहीजण म्हणाले. मला नाही पटत. शेडिंगला, म्हणजे पेन्सिलनं उजेड-सावली दाखवायला, आपण तांब्या ठेवतो, एका खिडकीचा उजेड. सगळ्यात गडद जागा अगदी कडेला नसते, जरा अलीकडं असते, कारण टेबलावरनं उलटून आलेला उजेड कडेवर पडतो, ती बारीक पट्टी सोडली की तांब्या कागदावर गोल दिसतो. मागच्या वर्गात सातवीतल्या एका मुलीला ते बरोबर जमलं, पण तिच्याकडं एकच साधी एचबी पेन्सिल, मऊ गडद 6बी चा काळेपणा आणायला दाबून दाबून कागदच फाटला. पोरगी काही बोलली नाही, दुसरा कागद मागितला.

आता त्याच तांब्याचं तोंड वरून बघितल्यासारखं आणि पोट समोरून, दोन्ही एकाच चित्रात काढायचं. सेझान या फ्रेंच चित्रकाराची चित्रं बघून पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी पॅरिसमध्ये 1907-08 च्या सुमारास हीच वाट धरली. पुढच्या काही वर्षांत तर त्यांनी रंगही तपकिरी, करडे असे बेताचे ठेवले, सगळं लक्ष आकारावर, त्यामुळं ज्याला शेडिंग येतं त्याला हे पेन्सिलनं सुद्धा करून बघता येतं. 1912 साली ते चित्रात वर्तमानपत्राचे, वॉलपेपरचे तुकडे चिकटवायला लागले. आपल्याकडं चादरीच्या कडा, टॉवेलची लेबलं कारखान्यात पडलेली असतातच की, पोरं तीच चिकटवतील. आणि चित्रकार एम. एफ. हुसेनसाहेब 1915 साली आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मले, त्यांच्या चित्रांवर क्युबिझमची छाप आहे, त्यांच्याच जिल्ह्यातल्या पोरांनी हा शब्दसुद्धा ऐकलेला नसावा याचं वाईट वाटतं.

एक गोष्ट मनात आहे ती बोलतो. गेल्या वर्षी आवाहन टाकलं तेव्हा वाचलं सगळ्यांनी, छान उपक्रम म्हणाले, पण मदतीला हाताच्या बोटावर मोजण्याइतके आले, कागद संपला म्हणून शेवटचे दोन दिवस वर्ग बंद ठेवावा लागला. पोरं दारात येऊन परत गेली. फार लागलं ते. गणपतीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसात हेच गाव सढळ हातानं देतं, मग या लेकरांसाठी का नाही?

तर यंदा 60 मुलं, एका मुलाचा संच (2एच, एचबी, 2बी, 4बी, 6बी पेन्सिली, खोडरबर, कार्ट्रिज पेपर, गोंद) 400 रुपये म्हणजे एकूण 24 हजार, पूर्ण नाही जमलं तर अर्धा संच द्या, जुने ड्रॉइंग बोर्ड, क्लिपा, रद्दी, कापडाचे तुकडे चालतील, पैसे खजिनदारांकडंच द्यायचे आणि पावती घ्यायचीच, वस्तू संध्याकाळी 6 नंतर हॉलवर, शिकवायला ज्यांना वेळ आहे त्यांनी मला सांगा, वर्ग सकाळी 8 ते 11, सगळं वसुबारसेच्या आधी पोचलं पाहिजे कारण काकांना कागदाची ऑर्डर द्यायचीये.

आपला,
सचिव