ताई, पहिलं गाणं बाबांनीच लावलं

ताई, नमस्कार.

तुमचं नाव कुठे घालू नका असं तुम्ही फोनवर सांगितलं होतंत म्हणून घालत नाही. पण आभार मानू नका असं काही म्हणाला नव्हतात, त्यामुळे ते मानतोय आणि चारचौघांत मानतोय. तुमच्यामुळे बाबांचं गाणं परत सुरू झालं त्या सकाळला आज आठ दिवस झाले, रोज रात्री लिहायला बसतो आणि दोन ओळी झाल्या की घसा दाटून येतो, म्हणून इतका उशीर.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगायला लागेल. माझे बाबा मिरजेत रेल्वेत होते, आयुष्यभर ड्युटी आणि गाणं एवढंच केलं त्यांनी. आमच्याकडे ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या आठवणीत गाण्याच्या मैफली होतात, आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली. खाँसाहेब गेले १९३७ साली, तेव्हा बाबा जन्मलेही नव्हते, पण मैफल त्यांनी कधी चुकवली नाही. १९८३ ला त्यांनी पगारातून टू-इन-वन घेतला आणि तेव्हापासून उरूस असो, कुणाच्या घरची बैठक असो की गणपतीतला कार्यक्रम, परवानगी मागून टेप करत राहिले. एकूण ४१२ कॅसेट. प्रत्येकीला नंबर आणि लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात नोंद, तारीख, कोण गायलं, कुठला राग, साथीला कोण, आणि शेवटच्या रकान्यात असं काहीबाही की "पाऊस आला, मंडपात सरकलो", "तबलजींना ताप होता तरी वाजवलं".

लॉकडाऊनमध्ये मी या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. यात घाई चालत नाही, ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटंच लागतात, मध्ये टेप अडकली तर पेन्सिलने गुंडाळून परत पहिल्यापासून. मग कपाटावर एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, ठेवला, त्यावर नॅव्हिड्रोम हे आपली गाणी फोनवर ऐकवणारं सॉफ्टवेअर टाकलं, बाबांच्या फोनवर ॲप घातलं आणि रोज पहाटे सहाला चहाबरोबर बाबा रजिस्टर उघडून नंबर बघून आपलं आपण लावायला लागले. चार वर्षं एकही दिवस खाडा नाही.

यंदा जानेवारीत ते न्हाणीघरात पडले. खुब्याचं ऑपरेशन पुण्यात झालं आणि पुढे बहिणीकडेच राहायचं ठरलं कारण तिथे लिफ्ट आहे, फिजिओथेरपीवाले घरी येतात, मिरजेत आमचं घर जिन्याचं. सगळं बरोबर होतं, फक्त गाणं मिरजेत राहिलं. पेनड्राईव्ह करून दिले की, तीन दिले, पण बाबांना त्या दिवशी जे हवं असायचं ते नेमकं त्यात नसायचं. आणि साठेक कॅसेट उतरवायच्या अजून शिल्लक आहेत त्या मी दर रविवारी करतो, त्या त्यांच्यापर्यंत पोचणार कशा. हळूहळू त्यांनी मागणंच सोडलं. बहीण म्हणाली, दादा, बाबा सकाळी उठून नुसते खिडकीशी बसतात रे.

ॲप घरच्या वायफायवर सुरळीत चालायचं आणि घराबाहेर पडलं की फिरत राहायचं आणि मग "सर्व्हरशी संपर्क होत नाही". मी राउटरमध्ये नॅव्हिड्रोमचा ४५३३ नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडला, घरच्या इंटरनेटचा पत्ता सारखा बदलतो म्हणून डीडीएनएस केलं, म्हणजे पत्ता बदलला तरी नाव एकच राहतं, जे जे वाचलं ते ते केलं. दोन महिने हेच.

या दोन महिन्यांत ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय तुमचे आभार पुरे होणार नाहीत, म्हणून बोलतो. इंटरनेट कंपनीला मी अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा राउटर बंद करून चालू करायला लावला आणि दरवेळी तासाभरात मेसेज आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कुणी सोडवली, कधी सोडवली? एकालाही हे सांगावंसं वाटलं नाही की साहेब, आमच्या या कनेक्शनवर बाहेरून आत येताच येत नाही. हे त्यांना माहीत नसेल असं मी मानत नाही. दुकानदाराने नवीन राउटर विकला, बसवला, पैसे घेतले आणि परत फोन उचलला नाही. ओळखीतला एक शिकलेला माणूस म्हणाला की तुम्हाला यातलं बेसिक कळत नाही, आधी नेटवर्किंग शिका. आणि एकाने म्हटलं, एवढं काय त्यात, युट्यूबवर ऐकवा की. ते वाक्य मला फार लागलं ताई. त्या कॅसेटमधली माणसं आता राहिलेली नाहीत आणि त्या रात्री दुसऱ्या कुणी टेपही केलेल्या नाहीत, त्या फक्त आमच्या कपाटात आहेत.

मग आतेभावाच्या ऑफिसातून तुमचा नंबर मिळाला. मी फोन केला तो सवयीने आधी राउटरचं मॉडेल सांगायला लागलो. तुम्ही मधेच थांबवून विचारलंत, "ते बघू आपण, आधी सांगा ऐकणार कोण आहे?"

दोन महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी बाबांबद्दल सांगितलं, रजिस्टरबद्दल सांगितलं, तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, वय किती, चष्मा कितीचा, फोन स्वतः हाताळतात का, हे पण विचारलंत. आणि मग राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता वाचायला सांगितलात. तो १०० ने सुरू होत होता. त्याच वायफायवर मोबाईलवरून आपला पत्ता दाखवणारी वेबसाइट उघडली, तर तिथे दिसणारा पत्ता वेगळाच. तुम्ही लगेच म्हणालात, "तुमचं काहीही चुकलेलं नाही. तुम्ही केलेलं सगळं बरोबर आहे."

मला खुर्चीत बसावं लागलं हो ते ऐकून.

तुम्ही समजावलंत ते इथे लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते जगात मिळून ४३० कोटींच्या आतच आहेत आणि ते पुरत नाहीत, म्हणून कंपन्या पुष्कळ घरांना मिळून बाहेर एकच पत्ता दाखवतात आणि आत प्रत्येकाला १००.६४ ते १००.१२७ मधला एक खाजगी पत्ता देतात, ही पत्त्यांची पट्टी २०१२ पासून याच कामासाठी राखून ठेवलीय. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे मी माझ्या फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवून बसलो होतो पण सोसायटीचं मेन गेट कंपनीच्या हातात, आणि गेटवर कुणाला माहीतच नाही की या नावाचा माणूस कुठल्या मजल्यावर राहतो. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत कुणी येऊ शकत नाही. राउटरमध्ये मी जन्मभर पोर्ट उघडत बसलो असतो तरी काही झालं नसतं.

उपाय तुम्ही सांगितलात तो टेलस्केलचा, म्हणजे लांब लांब असलेली आपली यंत्रं खाजगी वाटेने जोडणारं ॲप. घरचा रास्पबेरी पाय आणि बाबांचा फोन दोघंही आतून बाहेर हात लांब करतात आणि मधे एकमेकांना धरतात, गेटवाल्याला विचारायची गरजच नाही. घरगुती वापराला पैसे पडत नाहीत. कसं केलं ते सगळं लिहीत नाही, एका संध्याकाळचं काम होतं, पण दोन गोष्टी लिहितो. एक म्हणजे त्याचे पत्तेसुद्धा त्याच १०० च्या पट्टीतले, मी ते बघून घाबरलो, तर तुम्ही न चिडता परत पहिल्यापासून समजावलंत. दुसरं, आधी उघडलेला तो पोर्ट तुम्ही आठवणीने बंद करायला लावलात. आता त्याचा उपयोग नाही ना, मग दार उघडं कशाला ठेवायचं, उद्या कनेक्शन बदललं तर विसरून जाल, म्हणालात. फोनची बॅटरी वाचवायची सेटिंग स्क्रीन बंद झाली की टेलस्केललाच बंद पाडते आणि गाणं मध्येच तुटतं, हे पण तुम्ही आधीच ओळखून बहिणीला ती सेटिंग बदलायला सांगितलंत. म्हाताऱ्या माणसाला दहा मिनिटांनी गाणं तुटलं की वाटतं आपलाच हात कुठेतरी लागला, असं तुम्ही म्हणालात. किती खरं आहे ते.

पण मला सांगायचंय ते यापुढचं.

रात्री सव्वाअकराला बहिणीच्या घरी बाबांच्या फोनवर पहिल्यांदा सगळी यादी दिसली. ४१२ पैकी साडेतीनशे कॅसेट, नंबरवार, आमच्या कपाटातल्या. बाबा झोपले होते. बहीण उड्या मारत होती, मी इकडे मिरजेत उड्या मारत होतो, बहीण म्हणाली लावून बघते हां कुठलंतरी. आणि तुम्ही म्हणालात, "थांबा. लावू नका. पहिलं त्यांना लावू दे."

मी म्हटलं अहो पण चालतंय का बघायला नको का. तुम्ही म्हणालात यादी आली म्हणजे वाट मोकळी आहे, आणि सकाळी काही अडलंच तर मी फोनवर आहे, किती वाजता उठतात ते? मी म्हटलं सहाला. तुम्ही म्हणालात बरं.

आणि तुम्ही खरंच होतात. पहाटे सहाला पाच कमी असताना तुमचा फोन आला. ज्यांच्याशी नातं नाही, गोतं नाही, ज्यांचं तोंड कधी बघितलेलं नाही अशा माणसांसाठी रात्री साडेअकराला काम संपवून तुम्ही पावणेसहाला उठलात. फोनवर तुम्ही काही बोलला नाहीत, नुसत्या होतात. बहिणीने बाबांच्या हातात फोन दिला, चष्मा दिला. बाबांनी विचारलं हे काय, ती म्हणाली बघा तुम्हीच. ते खूप वेळ बोट फिरवत राहिले, आम्हाला वाटलं दिसत नाहीये. दिसत होतं. ते नंबर शोधत होते. रजिस्टर माझ्याकडे मिरजेत आणि त्यांना नंबर पाठ होता. ८७. उरुसातली पहाट, राग ललत. आधी टेपची खरखर, मग तानपुरे, मग कुणीतरी खोकलं, आणि बाबा म्हणाले, "हे जोशी मास्तर, यांना कायम खोकला." जोशी मास्तर जाऊन वीस वर्षं झाली.

बहिणीने चहा आणला तो तसाच थंड झाला. तुम्ही फोन कधी ठेवलात ते आम्हाला कळलंही नाही.

आदल्या रात्री बहिणीने कुठलंतरी लावलं असतं तरी तांत्रिक दृष्ट्या काहीच बिघडलं नसतं. पण मग ती आमची टेस्ट झाली असती आणि बाबांना सकाळी चालू झालेलं एक ॲप मिळालं असतं. तुमच्यामुळे ते गाणं त्यांनी स्वतः शोधून लावलेलं गाणं झालं. हे तुम्हाला कुणी शिकवलं मला माहीत नाही. पैसे विचारले तर तुम्ही विषय बदललात.

दर्ग्यातल्या मैफलीत मोठमोठी माणसं येतात त्याला आमच्याकडे हजेरी लावणं म्हणतात. गाऊन काय मिळालं याचा हिशोब तिथे नसतो, यायचं, बसायचं, आपल्याकडे आहे ते द्यायचं. बाबांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "हजेरी लावली रे तिनं." बाबा असं सहज कुणाबद्दल म्हणत नाहीत. नॅव्हिड्रोम लिहिणाऱ्यांनीही ते सगळ्या जगाला फुकट वापरायला दिलंय, त्यांच्यापर्यंत मिरजेची ललत कधी पोचेल न पोचेल, पण माणसं असं करतात, गाजावाजा न करता करतात, आणि माझ्यासारख्याला अकरा फोन करून माणसांचाच वीट आलेला असताना अचानक समोर येतात.

आता बाबांचं रोज सुरू आहे. वॉकर घेऊन गॅलरीत जातात, तिथे वायफाय पोचत नाही आणि फोन मोबाईल डेटावर जातो, तरी फार तर क्षणभर अडखळतं आणि परत सुरू होतं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे डेटावर असताना ऑपस १२८ ला ठेवलंय, म्हणजे गाणं लहान करून पाठवलं जातं, जुन्या कॅसेटच्या आवाजात त्यांना काही फरक कळत नाही म्हणतात. परवा फिजिओवाल्या मुलालाही बसवून ऐकवलं.

या रविवारी ३५२ नंबर चढवतोय. बी साइडला शेवटी सात मिनिटं नुसते तानपुरे जुळवण्याचा आवाज आहे, बाबांनी फोन करून बजावलं ते कापू नको, तर कापलेलं नाही. तुमच्या नावाने एक लॉगिन करून ठेवलंय ताई, पासवर्ड वेगळा पाठवतो. ८७ पासून सुरुवात करा असा बाबांचा निरोप आहे, आणि सहाच्या आधी.