मोन्सेराटची सावळी

ति. आजीस साष्टांग नमस्कार,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही म्हणून सगळं लिहून पप्पांच्या व्हॉट्सॲपवर टाकतेय, ते वाचून दाखवतील.

बार्सेलोनाहून मोन्सेराटला जाऊन आले, एक दिवसाची गाईडवाली टूर होती. शहरापासून साधारण 50 किलोमीटर. मोन्सेराट म्हणजे करवतीसारखा डोंगर, आणि खरंच तसाच दिसतो गं, गुळगुळीत उभे सुळके एकमेकांना खेटून. खालपर्यंत बस आणि मग वर जायला छोटी रेल्वे, रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी असते, त्यात गाडीचं चाक अडकत अडकत चढतं. वर बेनेडिक्टाइन नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या साधूंचा मठ आहे, 1025 साली स्थापन झालेला. 1811 मध्ये नेपोलियनच्या फौजेने तो उद्ध्वस्त केला, मग परत उभारला.

पण मला तुला सांगायचंय ते मेरीमातेबद्दल. ती काळी आहे आजी! लाकडाची, बाराव्या शतकातली मूर्ती, मांडीवर बाळ येशू. इथले लोक तिला लाडाने मोरेनेता म्हणतात, म्हणजे सावळी. गाईडताईने गोष्ट सांगितली की 880 साली गुराखी पोरांना डोंगरात उजेड दिसला, गुहेत मूर्ती सापडली, बिशप ती खाली न्यायला निघाले तर वाटेत इतकी जड झाली की जागची हलेना, म्हणून तिथेच देऊळ बांधलं. ऐकताना मला सारखं वाटत होतं ही तर तू सांगतेस तसलीच गोष्ट आहे.

दर्शनाला रांग, जिने चढून मूर्तीच्या मागून वर जायचं. मूर्ती काचेत आहे पण उजव्या हातातला गोळा तेवढा काचेबाहेर ठेवलाय, तो म्हणजे जग, आणि त्याला हात लावून मागायचं. माझ्या पुढे एक म्हातारी बाई होती, काठी नातीकडे दिली, दोन्ही हात गोळ्यावर ठेवले आणि डोळे मिटून उभी राहिली, मागे एवढी रांग पण कोणी घाई केली नाही. मला पंढरपूरला विठोबाच्या पायावर डोकं ठेवणारी तू आठवलीस. माझा नंबर आला तेव्हा तुझ्या गुडघ्यांसाठीच मागितलं, दुसरं काही सुचलंच नाही.

नंतर मठातल्या गाणाऱ्या मुलांचं गाणं ऐकलं. काळा झगा, त्यावर पांढरा सदरा, आपल्या चिनूएवढी पोरं, तिथेच राहून शिकतात. पहिला सूर लागला आणि अख्खं चर्च गप्प, माझ्या अंगावर काटा आला.

आणि हो, इग्नेशियस लोयोला म्हणून एक सैनिक होता, 1522 मध्ये तो रात्रभर या मातेपुढे जागला आणि आपली तलवार इथेच ठेवून गेला. पुढे त्याचेच सोबती झाले सेंट झेवियर, ज्यांची चांदीची पेटी आपण जुन्या गोव्यात बघितली होती, तू तिथे हात जोडले होतेस बघ.

बाहेर शेतकरी बायकांकडून मातो घेतलं, ताज्या पनीरसारखं मऊ, बिनमिठाचं, वर मध घालून खातात. तुला दात नसले तरी चालेल असं आहे.

निघताना तुझ्या नावाने एक मेणबत्ती लावली, लाल काचेतली. फोटो पाठवतेय, डावीकडून तिसरी तुझी. गुडघ्याचं तेल रोज लावून घे, आईला सांगितलंय मी.

तुझी,
मनू