दोन टक्क्यांचा एजंट मला केवढ्याला पडला

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात छोट्या जाहिरातींच्या पानावर रोज दोन-चार ओळी असतात बघा, 'जुन्या गाड्या घेणे-देणे, कमिशन माफक'. त्यातल्या माफक या शब्दावर मला लिहायचंय. पत्र थोडं लांबेल, कापलंत तरी चालेल, फक्त आकडे कापू नका.

गेल्या दिवाळीच्या आधी मी एक जुनी वॅगनार घेतली. २०१६ चं मॉडेल, पुण्याचं पासिंग, एमएच १२. मी कराडचा, रोज नोकरीवरून पुण्याला जाऊन गाड्या बघत फिरणं काय जमणारं नव्हतं म्हणून ओळखीतून एक एजंट धरला. माणूस गोड, बोलणं मोकळं. म्हणाला साहेब आपलं सरळ असतं, दोन टक्के, बाकी एक रुपया नाही. मला वाटलं बरंय, तीन-साडेतीन लाखाच्या गाडीला सात हजार, पुण्याच्या चार चकरा मारल्या तरी तेवढे डिझेल-जेवणात जातात, शिवाय मला इंजिनातलं काही कळत नाही. तेव्हा दलाली द्यायला माझी ना नव्हती आणि आजही नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर लोक म्हणतील फुकटात पाहिजे होतं.

गाडी ३,५२,००० ला ठरली. मालकाला भेटायचं म्हटलं तर एजंट म्हणाला नको हो, म्हातारा जरा खडूस आहे, तुम्ही मधे बोललात तर भाव चढवेल, माझ्यावर सोडा. सोडलं. टोकन दिलं, आठवड्याने गाडी दारात, पेढे वाटले, विषय संपला.

संपला नव्हता. जानेवारीत लक्षात आलं की गाडीची दुसरी चावी मिळालेलीच नाही. एजंटला फोन केला की तो उद्या बघतो म्हणायचा. शेवटी डॅशबोर्डच्या खणात जुनं सर्व्हिस बुक सापडलं, त्यावर आधीच्या मालकांचा नंबर होता, भीत भीतच लावला. पलीकडून एक शांत आवाज आला, निवृत्त गृहस्थ. म्हणाले, "अहो चावी तर मी त्याच दिवशी दिली त्यांच्याकडे. पण तुम्हीच का ते, माझ्या फास्टॅगवर फिरताय? दर शनिवारी तासवडे नाक्याचा मेसेज येतो मला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टॅग आपलाच असणार म्हणून मी काचेकडे पाहिलंच नव्हतं. माफी मागितली, पैसे लगेच पाठवतो म्हटलं. मग ते सहज बोलून गेले, "असू द्या हो, तीन दहाला गाडी दिली तुम्हाला, त्यात आणखी हे शंभर-दोनशे काय."

तीन दहा?

दोघंही फोनवर गप्प. मग मी म्हटलं काका, मी तीन बावन्न दिलेत.

त्यानंतर आमचं पाऊण तास बोलणं झालं आणि त्या पाऊण तासात मला या धंद्याचं जेवढं कळलं तेवढं आधीच्या सहा महिन्यांत कळलं नव्हतं. एजंटने त्यांना भाव विचारलाच नव्हता, एवढंच विचारलं होतं की "काका, तुम्हाला हातात किती पाहिजेत?" हे वाक्य लक्षात ठेवा साहेब, सगळी गोम इथे आहे. मालक हातात पाहिजेत तो आकडा सांगतो, त्याच्या वरचे सगळे एजंटचे. घेणाऱ्याला वरचा आकडा सांगायचा आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. आणि हे सगळं करून काकांकडूनही दोन टक्के घेतलेच, सहा हजार. मजा पुढे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला ना, तर काकांना सांगितलं की आता नवीन गाड्याच स्वस्त झाल्या, जुनीला कोण विचारतंय, तीन दहा मिळतायत तर द्या. आणि मला, त्याच आठवड्यात, सांगितलं की जीएसटी कमी झाल्यापासून शोरूमला वेटिंग आहे म्हणून लोक जुन्यावर तुटून पडलेत, उद्या ही पण राहणार नाही. एकच बातमी, दोन्हीकडे विकली!

आता हिशोब. दोन भावांतला फरक ४२,०००. माझे दोन टक्के, ७,०००. मग आरटीओ खर्च म्हणून माझ्याकडून घेतले ७,५००. याच्या पावत्या मी नंतर मागून मागून मिळवल्या. खाजगी हलक्या गाडीच्या नोंदणीची फी आहे ६०० रुपये आणि ट्रान्सफरला तिच्या निम्मी म्हणजे ३००. स्मार्ट कार्ड २००. मी लोन काढलं म्हणून आरसीवर बोजा चढवायचे १,५००. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची, तर नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावल्याशिवाय आरटीओत काम पुढे सरकत नाही, तिचे ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे ८७९. सगळं मिळून २,८७९, वर टपालाचे थोडेफार. ७,५०० मधले उरलेले साडेचार हजार म्हणजे त्याची धावपळ म्हणे. पण मग दोन टक्के कशाचे होते?

४२ अधिक ७ अधिक साडेचार, साडेत्रेपन्न हजार झाले. तीन बावन्नच्या गाडीवर पंधरा टक्के. आता त्या ४२ मधले माझे किती आणि काकांचे किती हे देवाला माहीत, समोरासमोर बसलो असतो तर कदाचित तीन तीसला जमलं असतं, दोघंही वीस-बावीस हजाराने खुश.

लोनचं तर मी यात धरलंच नाही. तेही एजंटच्याच ओळखीने झालं, दोन लाख, तीन वर्षं, "साडेआठ टक्के फ्लॅट साहेब, बँकेपेक्षा स्वस्त". हप्ता ६,९७२. प्रोसेसिंग आणि डॉक्युमेंटचे मिळून ६,५०० आधीच कापले. फाईलमध्ये की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा एक कागद होता, रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून असा कागद देणं सक्तीचं केलंय, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. माझ्या कागदावर पावणेअठरा टक्क्यांच्या आसपासचा आकडा आहे आणि त्याच्याच खाली माझी सही आहे. न वाचता केलेली. फ्लॅट म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज, हे मला मेव्हण्याने समजावलं, तो पतसंस्थेत आहे. त्यानेच सांगितलं की गिऱ्हाईक आणणाऱ्याला फायनान्सवाले वेगळे पैसे देतात. माझ्या केसमध्ये किती दिले ते कुठल्याच कागदावर नाही.

पैशापेक्षा मला जास्त घाम फुटला तो ट्रान्सफरच्या भानगडीने. जानेवारीपर्यंत गाडी काकांच्याच नावावर होती. सर्व्हर डाऊन आहे, साहेब रजेवर आहेत, हेच चालू. कायद्यात विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असं आहे, फॉर्म २९ आणि ३०. आमच्या दोघांच्या सह्या झालेले फॉर्म एजंटच्या बॅगेत पडून होते. मधल्या काळात माझ्या हातून अपघात झाला असता तर? सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की भरपाईची जबाबदारी रजिस्टरवर नाव असलेल्या मालकाची, गाडी त्याने केव्हाच विकून टाकली असली तरी. म्हणजे ते बिचारे काका, ज्यांनी माझं तोंडही पाहिलं नव्हतं, ते कोर्टात उभे राहिले असते. आणि इन्शुरन्स "अजून सात महिने आहे" म्हणून मी निवांत, तर तो १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो हे मला कोणी सांगितलं नाही, आणि त्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा असतो, तो फरक मला वेगळा भरावा लागला.

माझे वडील टोमॅटो पाठवायचे गुलटेकडी मार्केट यार्डात. आडत्याला आम्ही घरी बसून शिव्या द्यायचो ते सोडा, पण माल गेला की पट्टी यायची. इतके क्रेट, इतकं वजन, हा भाव, हमाली इतकी, तोलाई इतकी, अडत इतकी, हातात इतके. २०१६ साली तर सरकारने भाजी-फळांची अडत शेतकऱ्याकडून घ्यायचीच नाही, खरेदीदाराकडून घ्यायची असं करून टाकलं. सांगायचं कारण, दहा क्रेट टोमॅटोच्या व्यवहारात जो कागद मिळतो तो साडेतीन लाखाच्या गाडीत मिळत नाही. मला मिळाली एक डिलिव्हरी नोट, तिच्यावर रकमेची जागा कोरी.

वकील मित्राला विचारलं तर तो म्हणाला १८७२ चा करार कायदा बघ, कलम २१३, एजंटने मागितल्यावर हिशोब द्यायचा. आणि २१६, एजंटने ज्याच्यासाठी काम करतो त्यालाच अंधारात ठेवून स्वतःच्याच खात्यावर व्यवहार केला तर त्यातला फायदा तो माणूस मागू शकतो. म्हणजे सत्तेचाळीसच्याही आधीपासून आहे हे सगळं. मी एजंटला फोनवर हे ऐकवलं. तो चिडला नाही, हसला. म्हणाला, "साहेब, मी तुमचा एजंट होतो का त्यांचा, हे कुठे लिहिलंय?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्याचीही बाजू सांगतो, नाहीतर अन्याय होईल. तो म्हणाला, दहा पार्ट्या फिरवतो तेव्हा एक गाडी जाते, बाकी नऊजण ट्रायल मारून चहा पिऊन जातात, त्यांचं पेट्रोल कोण देतं? आणि दोन टक्के सांगितले तरी लोक घासाघीस करतात, दहा टक्के सांगितले तर फोन ठेवतात, मग आम्ही भावात घालतो. यात खोटं काही नाही. आपण गिऱ्हाईक पण असेच, कष्टाचे पैसे मागितले की तोंड वाकडं करतो आणि लपवून घेतले की कळत नाही म्हणून खुश.

सरकारने काही केलं नाही असंही नाही. केंद्राचे डिसेंबर २०२२ चे नियम आहेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकृत सर्टिफिकेट घ्यायचं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९ सी ने ऑनलाईन कळवायचं, मग तिथून पुढची जबाबदारी डीलरची. काकांनी गाडी दिली तेव्हा एवढं झालं असतं तर टोलपासून अपघातापर्यंत त्यांच्या डोक्याला ताप नव्हता. पण माझ्या एजंटकडे असलं काही सर्टिफिकेट नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं, मला माहीतच नव्हतं. माझी साधी मागणी आहे, प्रत्येक आरटीओच्या दारात आपल्या हद्दीतल्या अधिकृत डीलरांची यादी मोठ्या अक्षरात लावा. आणि ट्रान्सफरच्या अर्जाबरोबर एक पट्टी जोडायला लावा, मालकाला किती मिळाले, घेणाऱ्याने किती दिले, मधल्याने कोणाकडून किती घेतले. तीन आकडे, तीन सह्या.

हे होईल तेव्हा होईल. गेल्या महिन्यात चुलतभावाला गाडी घ्यायची होती, तेव्हा आम्ही चार एजंटांना सरळ सांगितलं, टक्के नको, रोख दहा हजार घ्या, पण कागदावर लिहा की दुसरीकडून काही घेणार नाही आणि भाव मालकासमोर ठरेल. तिघांनी विषय बदलला. एकाने तर उलट विचारलं, विश्वास नाही का. चौथ्याने थोडा विचार केला, बारा म्हणाला, कागद मागितला आणि लिहून दिलं. गाडी मालकाच्या अंगणात उभं राहून ठरली. त्या चौथ्याचं नाव मी देत नाही, फुकटची जाहिरात व्हायची.

आपला,
एक वाचक, कराड