सम्या, त्या कोटेशनला हो म्हणू नकोस

पुणे,
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय समीर,

तू पाठवलेलं कोटेशन काल रात्री नीट वाचलं. फोन करणार होतो, पण फोनवर तू "बरं बरं" म्हणशील आणि उद्या ॲडव्हान्स देऊन मोकळा होशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून सगळं लिहूनच काढतो. हे वाचून होईपर्यंत दुकानात एक रुपयाही देऊ नकोस.

कोटेशनमध्ये काय आहे बघ. प्रोसेसर आय सेव्हन. रॅम डीडीआर ५, म्हणजे नव्या पिढीची, १६ जीबीची एकच पट्टी. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, ४ जीबी. मग काचेचं कॅबिनेट आणि रंगीत दिव्यांचे पंखे. सगळ्यात खाली "एसएमपीएस ५०० वॅट", म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बस. ना कंपनी, ना मॉडेल. दुकानदार तुझ्या ओळखीतला आहे आणि त्याच्या मनात खोट आहे असं मला वाटत नाही. दुकानांना, पतसंस्थांना मशीन जोडून देणारा माणूस असाच विचार करतो की प्रोसेसर भारी म्हणजे मशीन भारी. पण गेममध्ये पडद्यावरचं चित्र काढण्याची मेहनत ग्राफिक्स कार्ड करतं. गाडीला एका अंगाला खिलार आणि दुसऱ्या अंगाला वासरू जुंपलं तर गाडी वासराच्या चालीनेच जाणार. १६५० हे एप्रिल २०१९ मध्ये आलेलं कार्ड आहे. आताचे मोठे गेम ४ जीबीत धड मावत नाहीत.

म्हणून यादी बाजूला ठेव आणि आधी मला सांग, खेळणार कोण आणि काय. तुझी चिन्मयी व्हॅलोरंट खेळते. त्या गेमला कार्ड फार लागत नाही, प्रोसेसर चपळ लागतो आणि मॉनिटर वेगाचा लागतो. तुला हवेत ते मोकळ्या जगातले, डोंगर-नद्या-शहरं असलेले गेम. तिथे कार्डाचा घाम निघतो. दोघांचं भागायचं असेल तर २४ इंची, १९२० बाय १०८० चा, १४४ हर्ट्झ किंवा वरचा आयपीएस मॉनिटर घे. फोर केच्या मोहात पडू नकोस. आपल्या १०८० च्या पडद्यावर साधारण २१ लाख ठिपके असतात, फोर केवर ८३ लाख. प्रत्येक फ्रेमला चौपट काम, आणि तुझ्या ७५ हजारांच्या बजेटमध्ये बसणारं कार्ड ते ओढत नाही. हर्ट्झचा फरक मात्र पोरीला पहिल्याच दिवशी कळेल. ६० हर्ट्झवर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर दर ६.९ ने. फक्त मॉनिटर आणल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडावं लागतं. लोक वर्षभर ६० वरच खेळत बसतात. आणि केबल ग्राफिक्स कार्डाला लावायची, मदरबोर्डाच्या पोर्टला नाही.

आता रॅम. यावर जरा थांबतो, कारण तुझे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचणार आहेत. गेल्या वर्षीच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत रॅमचे भाव अंगावर येतील असे चढले. एआयच्या डेटा सेंटरना इतकी मेमरी लागतेय की कारखाने आधी त्यांचा माल काढतात आणि आपल्यासारख्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये जाहीरच केलं की क्रुशल या नावाने घरगुती गिऱ्हाइकाला रॅम आणि एसएसडी विकणं ते बंद करणार. अशा वेळी डीडीआर ५ नव्याने घ्यायची म्हणजे कार्डाचे पैसे रॅममध्ये घालायचे.

तुझ्या जुन्या मशीनमध्ये आय थ्री ८१०० आहे ना? म्हणजे आत डीडीआर ४ आहे. एक ८ जीबीची पट्टी आधीची आणि दुसरी लॉकडाऊनमध्ये आपण दोघांनी व्हिडिओ कॉलवर बसवली ती. त्या दोन पट्ट्या आज सोन्यासारख्या आहेत. जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये देतोस असं त्या कोटेशनच्या खाली लिहिलंय, ते आधी रद्द कर. दोन पट्ट्या म्हणजे ड्युअल चॅनेल, प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. कोटेशनमधल्या एका पट्टीत एकच वाट उघडी राहते. तुझ्या पट्ट्यांचा वेग आजच्या ३२०० वेगाच्या पट्ट्यांपेक्षा कमी आहे, त्याने थोडा फरक पडेल. तो मी आनंदाने सोसेन.

डीडीआर ४ ची पट्टी डीडीआर ५ च्या बोर्डात बसत नाही, त्यामुळे एकदा डीडीआर ४ ठरलं की पुढचं आपोआप ठरतं. प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोअर, बारा थ्रेड, आणि डब्यातच कूलर. इंटेलचा आय फाइव्ह १२४०० एफ पण चांगला, फक्त त्याला डीडीआर ४ वाला बोर्ड शोधावा लागेल. एक गोष्ट काळजीपूर्वक बघ: दुकानदार "५६०० नाही, ५५०० आहे, सारखाच आहे" म्हणेल. सारखा नाही. ५५०० मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी, १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. शिवाय ५५०० पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधल्या रस्त्याची, तिसरी पिढीच देतो, ५६०० चौथी. आताची स्वस्त कार्डं सोळाऐवजी आठच लेनवर चालतात, त्यामुळे तिसऱ्या पिढीवर त्यांचा रस्ता अर्धा होतो. कार्डाची मेमरी भरली की गेम अडखळतो तो याच रस्त्यावर. याच कारणासाठी मदरबोर्ड बी५५० घ्यायचा. ए५२० स्वस्त मिळेल, पण त्यावरही तिसरी पिढीच.

कार्डाला ३० हजार बाजूला काढ. त्यात आरटीएक्स ५०६० ८ जीबी बसलं तर ते, नाहीतर आरएक्स ७६००. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी आहे आणि मला ते कार्ड मनापासून आवडतं, पण ५६०० सारख्या प्रोसेसरबरोबर त्याच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरवर पडतो आणि ते मागे राहतं, हे ते बाजारात आल्या-आल्या दिसून आलं. तुझ्यासाठी नको. सेकंडहँड कार्डाबद्दल विचारलं होतंस. पुण्यात भरपूर मिळतात. पण समोर अर्धा तास गेम चालवून दाखवत असेल आणि मूळ बिलावर वॉरंटी उरली असेल तरच. एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई, चांगल्या कंपनीची, तिसऱ्या पिढीचीही चालेल. विंडोज ११ टाकू, कारण १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटला ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात, त्या मी बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमधून, चालू करून देईन.

आता एसएमपीएस. सम्या, हे तू दोनदा वाच.

तुला नारायण पेठेतली माझी खोली आठवते. वाड्यातली, वरच्या मजल्यावरची, पत्र्याखालची. त्या उन्हाळ्यात मी पहिलं मशीन जोडलं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस होता, त्यावरही ५०० वॅट असंच लिहिलेलं. हातात धरला तर डब्यासारखा हलका. मे महिन्यातली दुपार, लाइट जाऊन आली, आणि पंख्याच्या जाळीतून आधी एक बारीक 'टिक' ऐकू आलं. मग फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि जळक्या माशासारखा वास खोलीभर पसरला. मी प्लग उपटेपर्यंत पांढरा धूर छतापर्यंत गेला होता. एसएमपीएस गेला, बोर्ड गेला, आणि हार्ड डिस्क पुन्हा कधीच फिरली नाही. त्या डिस्कवर आपल्या हरिश्चंद्रगडाचे सगळे फोटो होते. कोकणकड्यावर तू, मी आणि तुझे बाबा बसलेले. बाबांचा गडावरचा तो एकच फोटो होता. तू तेव्हा मला एका शब्दाने बोलला नाहीस. पण मी ते विसरलेलो नाही.

म्हणून सांगतो, ५ हजार त्याच्यासाठी वेगळे ठेव. ५५० किंवा ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा, नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा. ब्राँझ म्हणजे निम्म्या भारावर निदान ८५ टक्के वीज कामी येते, बाकीची उष्णता होते. तुझ्या मशीनला गेम चालू असताना ३०० वॅटच्या आसपास लागतील, म्हणजे तो आरामात निम्म्या भारावर चालेल आणि बार्शीच्या उन्हाळ्यातही दमणार नाही. विकत घेताना हातात घेऊन वजन बघ. चांगल्या एसएमपीएसमध्ये कॉइल, कपॅसिटर, हीटसिंक ठासून भरलेले असतात, ते हाताला कळतं.

आणि अर्थिंग. मागे आलो होतो तेव्हा तुझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या आल्या, आठवतंय? वहिनी म्हणाल्या, "ते नेहमीचंच आहे." ते नेहमीचं असता कामा नये. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर येत असते, तिने तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत जायचं असतं. तुमच्या जुन्या घरात तिसरं भोक आहे, मागे वायर नाही. नवं मशीन घरी नेण्याआधी वायरमन बोलावून त्या खोलीचं अर्थिंग करून घे. चिन्मयी अनवाणी बसून खेळणार आहे.

यूपीएसचं एकच सांगतो. डब्यावर ६०० व्हीए असतं ते वॅट नव्हे, त्यातून ३६० वॅटच्या जवळपासच मिळतात. मशीन आणि मॉनिटर मिळून ते अगदी काठावर येतं. १ केव्हीएच्या वरचा घे, आणि या महिन्यात जमत नसेल तर पुढच्या महिन्यात. कॅबिनेट पुढून जाळीचं घे, काचेचं नको. वारा आत जायला जागा हवी. रंगीत पंखे चिन्मयीला हवेच असतील तर वाढदिवसाला मी आणेन.

२६ जानेवारी सोमवारी आलीय, त्यामुळे तीन दिवस जोडून सुट्टी आहे. तू २३ च्या रात्रीची गाडी धर, तिलाही घेऊन ये. स्वारगेटला उतरलास की मेट्रोने एकच स्टेशन, मंडई. मी तिथे वर उभा असेन. दगडूशेठवरून चालत तपकीर गल्लीत जाऊ, दोन-तीन ठिकाणी भाव काढू, सेलमधले ऑनलाइनचे भाव मोबाइलवर ताडून बघू, आणि जिथे पक्कं जीएसटी बिल देतील तिथूनच घेऊ. कच्च्या बिलावर वॉरंटीसाठी कुणी उभं करत नाही. रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर जोडू. प्रोसेसर चिन्मयीच्या हाताने बसवायचा आहे. लिव्हर उचलायची, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा आणि सोडायचा. तो आपल्या वजनाने खाली बसतो, बोटाने दाबायचा नसतो. ५६०० च्या पिना खाली प्रोसेसरलाच असतात, केसाएवढ्या. तिचे हात आपल्यापेक्षा हलके आहेत.

काकूंना नमस्कार. तिळाच्या वड्या त्यांच्या हातच्या आण, संक्रांत होऊन गेली तरी चालेल.

तुझा,
निखिल

ता. क. – रॅमच्या पट्ट्या काढताना आधी प्लग काढ, खिडकीच्या लोखंडी गजाला हात लाव, आणि मग दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर दाब. पट्टी कडेने धरायची, सोनेरी दातांना बोट नको. प्लास्टिकच्या पिशवीत टाकू नकोस, प्रत्येक पट्टी वेगवेगळ्या साध्या कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या डबीत ठेव. आणि जुनी हार्ड डिस्कही आण, तिच्यावरचं सगळं इथे दोन ठिकाणी कॉपी करून ठेवू.