मनू, ऑपरेशनचं फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून

मनू,
काल तू विचारलंस, पप्पा आता बावन्नाव्या वर्षी तिरळेपणाचं ऑपरेशन कशाला, नजर तर येणार नाहीच ना. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला पाऊण इंची एल्बो पाहिजे होता, म्हणून मी नुसतं हो हो करून फोन ठेवला. आता शटर खाली ओढलंय, निवांत टाईप करतोय.

नजर येणार नाही हे खरंय. माझा डावा डोळा मी तान्हा असतानाच नाकाकडं वळला. आज्जी म्हणायची तिरळं पोर भाग्याचं असतं, झालं, कुणी डॉक्टरकडं नेलंच नाही. एक डोळा समोर आणि एक नाकाकडं म्हणजे मेंदूला दोन वेगळी चित्रं जातात, लहान पोराचा मेंदू मग वळलेल्या डोळ्याचं चित्र बंदच करून टाकतो, म्हणून मला कधी डबल दिसलं नाही, पण तो डोळा वापराविना आळशी होऊन बसला. तूच सांगितलेलंस ना, ह्युबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांचं मांजराच्या पिल्लांवरचं काम, त्यांना १९८१ ला नोबेल मिळालं ते. पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे महिने शिवून ठेवला की नंतर उघडला तरी मेंदू त्याचं ऐकत नाही. मी ते ऐकून हसलो होतो. आमचा डोळा तर कुणी शिवलाही नव्हता.

तुझं वेगळं होतं. तू तीन वर्षांची असताना चित्राचं पुस्तक जवळ धरलंस की तुझाही डावा डोळा आत जायचा. घरात परत तेच, भाग्याची म्हणे! त्या दिवशी मी माझ्या आईवर पहिल्यांदा ओरडलो आणि तुला उचलून नेलं. तीन दिवस मलम घालून डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या केल्या, उजेड सहन होईना म्हणून तू पदराखाली तोंड खुपसून बसायचीस, मग तपासल्यावर नंबर निघाला प्लस साडेपाच. डॉक्टर म्हणाले, एवढा प्लस नंबर असला की स्पष्ट दिसायला डोळ्याला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो जोर लावला की डोळे आपोआप आत वळतात, दोन्हीचं कनेक्शन एकच आहे. चष्मा घातला आणि थोड्याच आठवड्यांत डोळा सरळ. काढला की परत आत, त्यामुळं सगळे म्हणायचे चष्म्यानंच पोरीचा डोळा बिघडवला. किती जणांना समजावणार.

चष्म्यानंतर पट्टी आली. चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज दोन तास, म्हणजे आळशी डोळ्याला काम पडतं. तू ती ओरबाडून काढायचीस. म्हणून एका रविवारी मीपण माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवली, म्हणलं चल दोघं मिळून बसू. आणि मला समोरच्या कॅलेंडरवरची तारीख दिसंना, एवढा मोठा आकडा! चहाचा कप कुठाय कळंना, तुझी आई हातात देत होती. तू जवळ येऊन म्हणालीस, पप्पा तुला दिसंना? आणि माझी पट्टी ओढून काढलीस. स्वतःची मात्र तशीच ठेवलीस. त्यानंतर तू कधी रडली नाहीस पट्टीला.

म्हणून आज तुझे दोन्ही डोळे चालतात. माझ्या डाव्याची वेळ गेली.

मग ऑपरेशन कशाला? काउंटरवर मी गिऱ्हाइकाला विचारतो, काय पाहिजे, तर तो मागं वळून बघतो, कुणाला म्हणताय. रोज चार-पाच वेळा, तीस वर्षं. शाळेतलं लुकिंग लंडन टॉकिंग टोकियो मी विसरलो, पण हे मागं वळून बघणं जात नाही मनातनं. तुझ्या दहावीच्या सत्कारात मी फोटोत तोंड फिरवलं होतं, तू रुसलीस, ते यामुळंच.

आणि डोळा बाहेर काढून ताटलीत ठेवतात असं जे तुझे काका सांगत फिरतायत ते धादांत खोटं. डोळा जागच्या जागीच असतो. आतल्या बाजूचा स्नायू काही मिलिमीटर मागं सरकवून शिवतात, बाहेरचा आखूड करतात, टाके विरघळणारे. प्रिझम म्हणजे प्रकाश वळवणारी काच लावून आधी बघितलंय, सरळ झाल्यावर डबल दिसायचा चान्स कमी आहे म्हणाले. एका वेळेत नाही बसलं तर परत करावं लागेल असंही सांगितलंय. उलट मला झापलं ते दुसऱ्याच गोष्टीवरनं, एकच चांगला डोळा असून मी बिनगॉगलचा ग्राइंडर चालवतो म्हणून. आता नंबर नसताना सहज न फुटणाऱ्या पॉलीकार्बोनेट काचांचा चष्मा घेतलाय.

शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी जायचंय. तू प्रॅक्टिकल बुडवू नकोस, रविवारी ये. डोळा लालभडक असेल, तेव्हा आल्या आल्या फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायचा नाही, तीन आठवडे थांब, मग मीच समोर बघून काढून देतो.

तुझा
पप्पा