पडल्याची वही

टिळकवाडी, बेळगाव
१४ डिसेंबर

प्रिय पम्या,

परवा फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "तुमची चिमी तिथं पडते-बिडते का रे?" तेव्हा मी उद्यमबागेत मशिनीपाशी उभा होतो, 'होय की, पडतात पोरं' एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. तुझ्या आवाजावरून कळलं, तू सहज विचारलं नव्हतंस. जानेवारीत तुमचं बाळ पाळणाघरात जाणार आणि तुझी झोप आत्तापासूनच उडालीय. म्हणून हे सविस्तर लिहितोय. जुलैत आमच्याकडे काय झालं हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. सांगायचं धाडसच झालं नाही.

चिमीला अकराव्या महिन्यात पाळणाघरात ठेवलं. तुझ्या वहिनीची सव्वीस आठवड्यांची रजा केव्हाच संपली होती. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाऊ द्यायचं असंही त्यात आहे. पण हिच्या ऑफिसात माणसं पंधरा. मग माझ्या आईनंच सांभाळलं, आणि मे महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. चिमी तोवर भिंतीला धरून चालायला लागलेली.

पाळणाघर आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. दोन खोल्या, पुढं शहाबादी फरशीचा सोपा, चौदा मुलं. सांभाळायला मालकीणबाई आणि एक अक्का. अक्का बैलहोंगलकडची, बोलणं सगळं कन्नडमध्ये. चिमी पहिल्या आठवड्यातच तिच्या अंगावर झेपावायला लागली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की बाई वाईट होती. तशी ती नव्हती.

जुलैतला बुधवार. आपला बेळगावचा पाऊस तुला माहीत आहे, आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. साडेचारला मी तिला न्यायला गेलो तर कानटोपी घालून, स्वेटर चढवून ती तयारच होती. डोळे सुजल्यासारखे वाटले. मी विचारलं, रडली का? अक्का म्हणाली, "एनू आगिल्ल री, निद्दी बंदद." काही झालं नाही, झोप आलीय. मी तिला रेनकोटात घेतलं आणि घरी आलो.

टोपी आईनं काढली. उजव्या कानाच्या वर, केसांत, लिंबाएवढं टेंगूळ. हात लावला की चिमी मान मागं घेत होती. आईनं पदराचा बोळा केला, त्यात फुंकर घालून शेक द्यायला लागली, आपल्याला लहानपणी द्यायच्या तसा. तोंडानं म्हणत होती, "पोर पडल्याशिवाय वाढतंय काय?" पण तिचाच हात थरथरत होता. मला राहून राहून तिची टाळू दिसत होती. अजून पुरती भरली नव्हती ती.

डॉक्टरांनी चिमीला टेबलावर बसवलं आणि मला चार प्रश्न विचारले. कधी पडली? किती उंचीवरून? पडल्यावर लगेच रडली की थोडा वेळ गप्प होती? नंतर उलटी झाली का? पम्या, मी दिवसभर शतांश मिलिमीटरमध्ये मापं घेणारा माणूस. त्या चारातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. पाळणाघराचा फोन लागेना. तुझी वहिनी दारात ऑफिसची पर्स खांद्याला तशीच अडकवून उभी होती.

डॉक्टर शांतपणे बोलत होते. कपाळावरचं टेंगूळ दिसायला मोठं असतं, तिथं रक्तपुरवठा भरपूर असल्यानं ते पटकन फुगतं, आणि बहुतेक वेळा त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कपाळ सोडून बाजूला किंवा मागं टेंगूळ आलं तर ते जास्त जपून बघावं लागतं. तीन फुटांच्या वरून पडलं असेल तर आणखी. लगेच मोठ्यानं रडलं असेल तर ती चांगली खूण. आता यातलं काहीच माहीत नाही म्हटल्यावर काय करणार? एवढ्या लहान जिवाला कारण नसताना स्कॅनचे किरण द्यायचे नाहीत, म्हणून रात्री दहापर्यंत तिथंच बसवून घेतलं. दर अर्ध्या तासानं डोळ्यांत बॅटरी मारून बघायचे.

तूही हे डोक्यात ठेव. पुन्हापुन्हा उलटी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, झटका, थोडा वेळ का होईना शुद्ध हरपणं, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येणं, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, एखादा हात किंवा पाय न हलवणं, काही केल्या न थांबणारं रडणं. यातलं एक जरी दिसलं तरी घरी बसून वाट बघायची नाही, गाडी काढायची. बाकी वेळी थंड पाण्यात पिळलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. पहिल्या दिवशी शेक नको असं त्यांनी आईलाही समजावलं. आणि 'झोपू देऊ नका' म्हणतात तेही तसं नाही. तपासून झालं असेल आणि बाळ नेहमीसारखं असेल तर झोपेच्या वेळी झोपू द्यायचं, रात्री एक-दोनदा हलवून बघायचं.

बाराला मी हलवलं, कण्हल्यासारखं करून कुशीवर वळली. दोनला परत हलवलं तर झोपेतच माझा हात रागानं झिडकारला तिनं. ते इवलंसं फटकारणं! तिच्या जन्माच्या दिवशी वाटलं नसेल इतकं बरं मला त्या वेळी वाटलं.

तुझी वहिनी जागीच होती. अंधारात म्हणाली, "ती पडली याचा मला राग नाही. आपण तिला घ्यायला गेलो तेव्हा तिच्या डोक्याला लागलंय हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. फक्त आपल्याला नव्हतं." त्या सबंध रात्रीत मला जे टोचत होतं ते हेच. मला ते नेमकं सांगता येत नव्हतं.

सकाळी गेलो तेव्हा माझ्या मनात भांडणच होतं. मालकीणबाईंना खरोखर काही माहीत नव्हतं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात आली, माझ्याकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. लंगोट बदलायला चिमीला टेबलावर ठेवलं होतं. पावडरचा डबा फळीवर होता. डबा घ्यायला वळली तेवढ्यात चिमी पालथी झाली आणि गेली. टेबल कमरेएवढं. खाली सतरंजी होती. लगेच रडली, उलटी नाही. चारच उत्तरं, गड्या! आदल्या संध्याकाळी ती मिळाली असती तर डॉक्टरांचा आणि आमचा निम्मा घोर कमी झाला असता. "का सांगितलं नाही?" म्हटलं तर म्हणाली, कामावरून काढतील. मालकीणबाई तिथल्या तिथं तिला काढायला तयारही होत्या. मीच म्हणालो, नको.

मोठेपणा नव्हता तो. आमच्या कारखान्यातलं मी बारा वर्षं बघत आलोय. जिथं पोरगा बोट कापलं म्हणून सांगायला आला की त्याच्यावर ओरडतात, तिथं बोटं कापायची थांबत नाहीत, सांगायची थांबतात. मग एक दिवस थेट अँब्युलन्स येते. म्हणून आमच्याकडे साधी बर, म्हणजे कापलेल्या धातूची बोचरी कड, लागली, ड्रेसिंगची पट्टी मारली, तरी रजिस्टरात लिहायचं. 'निअर मिस'सुद्धा लिहायचं, म्हणजे लागलं नाही पण लागलं असतं ते. लिहिणाऱ्याला कोणी बोलायचं नाही हा नियम. अक्काला काढून दुसरी आली असती तर ती पहिल्या दिवसापासून एवढंच शिकली असती, की झालेलं लपवायचं.

शनिवारी गणपत गल्लीतून दोनशे पानी लांब वही आणली. पट्टी घेऊन रकाने आखले. वेळ, कुठून, कशावर, कुठं लागलं, लगेच रडलं का, नंतर कसं होतं, आईवडिलांना कधी कळवलं. मथळे मराठीत आणि खाली कन्नडमध्ये. इथं कुठल्या भाषेत काय लिहावं यावरून किती वर्षं काय काय चाललंय ते तुला मी सांगायला नको. या वहीवरून मात्र कुणी एक शब्द काढला नाही. अक्का कन्नडमध्ये लिहिते, मालकीणबाई मराठीत, आणि आम्ही पालक अडलं तर एकमेकांना वाचून दाखवतो.

मालकीणबाई आधी तयार नव्हत्या. म्हणाल्या, पालक वही बघून घाबरतील, मुलं काढून नेतील. त्यांचंही खोटं नव्हतं. पहिल्या महिन्यात वही बघून मीच घाबरलो, पान भरलेलं. आमचंही रजिस्टर सुरुवातीला असंच दिसायचं. पण दोन महिन्यांनी आम्ही चार पालक एका रविवारी ती घेऊन बसलो, आणि काय दिसलं सांगू? स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एकट्या पाच नोंदी! लाकडी, चार बोटं उंच उंबरा. मुलं बॉल घेऊन धावत येतात आणि त्यावर अडकतात. आणि निम्म्याहून जास्त नोंदी चार ते साडेचारच्या. तेव्हा पालक यायला लागतात, दार उघडं असतं, दोघीजणी बॅगा भरत असतात, पोरं पेंगुळलेली असतात. उंबऱ्याला एका पालकानं, सुतारच आहे तो, फळी ठोकून उतार करून दिला. बॅगा आता साडेतीनला भरून ठेवतात. लंगोट खाली सतरंजीवरच बदलतात, टेबल मागं परसात गेलं. पावसाळ्यात दाराशी पोती टाकतात. उंबऱ्याची नोंद त्यानंतर एकच झाली.

पडायची थांबली नाहीत. ती थांबायचीही नाहीत. न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अॅडॉल्फ नावाच्या बाई मुलांच्या चालण्याचा अभ्यास करतात. २०१२ साली त्यांनी छापलं की वर्ष ते दीड वर्षाची मुलं मोकळी खेळताना तासाला सरासरी सतरा वेळा पडतात. सतरा! आणि त्याच तासात दोन हजारांवर पावलंही टाकतात. मी हे तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, तर तिनं चिमीकडे बघून मोजायलाच घेतलं. पंधरा मिनिटांत चार झाली, मग सोडून दिलं.

पण मित्रा, सगळे वळ सारखे नसतात. हे मी डॉक्टरांना लाज सोडून विचारलं, तूही लक्षात ठेव. चालत्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर, हनुवटीवर, म्हणजे जिथं हाड वर असतं तिथं काळंनिळं दिसलं तर ते खेळण्यातलं असतं. कानावर, मानेवर, पोटावर, पाठीवर, कुल्ल्यावर दिसलं तर विचारायचंच, आणि उत्तर पटलं नाही तर डॉक्टरांना दाखवायचं. अजून पालथंही न पडणाऱ्या बाळाच्या अंगावर तर मार लागल्यासारखा काळानिळा वळ सहसा आपोआप उठत नाही.

आणि ते वॉकर घ्यायचं म्हणत होतास ना, चाकांचं? घेऊ नकोस. त्यानं मूल लवकर चालत नाही, उलट क्षणात जिन्यापाशी, चुलीपाशी पोचतं. कॅनडानं तर २००४ पासून त्यांच्या विक्रीवर बंदीच घातलीय. वहिनींच्या माहेरून आलं असेल तर गोड बोलून माळ्यावर ठेव.

पाळणाघर बघायला जाशील तेव्हा रंगीत भिंती बघू नकोस. 'इथं सुरक्षित आहे ना' असंही विचारू नकोस, नाही कोण म्हणेल? असं विचार, 'शेवटचं मूल कधी पडलं, आणि तुम्ही काय केलंत?' 'आमच्याकडे कुणी पडतच नाही' म्हणाले तर दुसरं बघ. 'काल दुपारीच एक पडला, थांबा सांगते' म्हणणारी बाई भेटली तर तिच्याकडे निश्चिंत ठेव. आणि पहिल्या दिवशी तूच तिला सांग, की पडलं तर मी ओरडणार नाही, फक्त मला लगेच फोन करा. हे म्हणायला सोपं आहे, पाळायला फार अवघड. ऑगस्टमध्ये ओठ फुटल्याचा फोन आला तेव्हा मी दात आवळून 'बरं झालं सांगितलंत अक्का' म्हणालो आणि मग संडासात जाऊन पाच मिनिटं उभा राहिलो.

चिमी आता सोळा महिन्यांची आहे. आई, बाबा, आज्जी हे आलं. पण सगळ्यात जास्त वापरते तो शब्द अक्काकडून आलाय, "बित्तु." पडलं. चमचा पडला बित्तु, गॅलरीतून वाळत घातलेला टॉवेल पडला बित्तु, पाऊस पडला तरी बित्तु. काल घ्यायला गेलो तर दारातूनच माझ्याकडे दुडुदुडु आली, पायजम्याचा पाय वर ओढला, गुडघ्यावरचा लाल ठिपका बोटानं दाखवला आणि म्हणाली, "बाबा, बित्तु." मी बसलो, नीट बघितलं, कुठं ते विचारलं. माझं बोट धरून तिनं मला मागं परसात नेलं आणि जांभ्या दगडाची एक पायरी दाखवली. अक्का आतून वही घेऊन येतच होती.

बाळाचा फोटो पाठव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
बाळू